ऑब्जेक्ट जन्माला येतो, पण आवरायचं कोणी?

(काळा पडदा. क्रमांक घातलेल्या चौकटींची लांबच लांब रांग. त्यातली एकच उजळते.)

मेमरी म्हणजे ही एवढीच रांग. प्रत्येक चौकटीला क्रमांक आणि आत एक बाइट. जहाज, खातेदार, चित्र... यातलं या रांगेला काहीही कळत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्यात मात्र असतात त्या याच गोष्टी.

१९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ‘सी’ ही प्रोग्रामिंगची भाषा घडवली, ती या रांगेच्या अगदी जवळ राहून. सीमधला पॉइंटर म्हणजे चौकटीचा पत्ता, बाकी काही गूढ नाही. मेमरी हवी तर मागून घ्या, काम झालं की परत करा. परत करायला विसरलात, तर मेमरी हळूहळू गळत जाते. ही चूक त्यातल्या त्यात सोज्वळ. परत केलेली जागाच पुन्हा वापरलीत, तर खरा घोळ. प्रोग्राम तिथल्या तिथे पडेलच असं नाही. तो तासाभराने, भलत्याच ओळीवर पडतो आणि आपण नको तिथे शोधत बसतो.

सीने हिशेब कधी स्वतःकडे घेतला नाही. १९८८ साली इंटरनेटवर आपोआप एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ या प्रोग्रामने याचाच फायदा उठवला. त्याची एक वाट अशी होती: ५१२ बाइटांच्या जागेत ५३६ बाइट ओतायचे. वाचणाऱ्या फंक्शनने, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्याने, लांबी विचारलीच नाही. जादाचे बाइट शेजारच्या चौकटींत सांडले आणि फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं, तो पत्ताच बदलला.

(दृश्य बदल: बंदराचं रेखाचित्र. जहाजांची रांग.)

ऑब्जेक्टची कल्पना मात्र वेगळ्याच गरजेतून आली. १९६०च्या दशकात ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांना सिम्युलेशन करायचं होतं, म्हणजे रांगा, वाहतूक, कारखाने यांची संगणकावर नक्कल. तिथे प्रत्येक जहाजाची माहिती आणि त्याचं वागणं एकत्र बांधलेलं असणं सोयीचं. त्यांच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत क्लास आला, म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, एका क्लासवरून दुसरा बेतायची सोय (इनहेरिटन्स) आली, आणि व्हर्च्युअल फंक्शनही आलं. आज ऑब्जेक्ट-ओरिएंटेड म्हणून जे शिकवतात, त्यातलं बरंचसं तिथेच होतं.

पुढे केंब्रिजमध्ये ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप या डॅनिश विद्यार्थ्याने पीएचडीसाठी सिम्युलात एक मोठा सिम्युलेटर लिहिला. लिहायला सुरेख, चालवायला असह्य. मोजून पाहिलं, तर ८० टक्क्यांहून अधिक वेळ गार्बेज कलेक्टर खात होता, म्हणजे वापरून झालेली मेमरी शोधून गोळा करणारा भाग. आणि गंमत अशी, की त्या प्रोग्राममध्ये गोळा करण्याजोगा कचरा तयारच होत नव्हता! शेवटी त्याला तो सगळा सिम्युलेटर बीसीपीएल या रांगड्या भाषेत नव्याने लिहावा लागला. तो वेगात पळाला, पण लिहिताना घाम निघाला.

सी प्लस प्लसचं मूळ या वैतागात आहे. १९७९ साली बेल लॅब्जमध्ये त्याने सीला क्लास जोडायला घेतले. तत्त्व एकच, जे वापरलं नाही त्याचा भुर्दंड पडता कामा नये. व्हर्च्युअल फंक्शनचंच बघा. एकच हाक, पण ऑब्जेक्ट ज्या क्लासचा, तसा प्रतिसाद. त्यासाठी ऑब्जेक्टच्या पोटात सहसा एक छुपा पॉइंटर असतो. तो फंक्शनांच्या पत्त्यांच्या तक्त्याकडे बोट दाखवतो. आजच्या ६४ बिटांच्या यंत्रावर दर ऑब्जेक्टमागे ८ बाइट. क्लासमध्ये व्हर्च्युअल काही नसेल, तर हे ८ बाइटही नाहीत.

पण माझ्या मते त्या भाषेचा सगळ्यात मोलाचा शोध म्हणजे डिस्ट्रक्टर, ऑब्जेक्ट मरताना आपोआप चालणारं आवराआवरीचं फंक्शन. इनहेरिटन्सचा गाजावाजा फार झाला, याचा मात्र तेवढा नाही. कोडच्या तुकड्याभोवतीचा महिरपी कंस मिटला, की त्यातले ऑब्जेक्ट ज्या क्रमाने जन्मले त्याच्या उलट क्रमाने मरतात, आणि जाता जाता आपली मेमरी, उघडी फाइल, लावलेलं लॉक सोडून जातात. मरणाची वेळ आधीच ठरलेली.

१९९५ला जावा आली आणि गार्बेज कलेक्टर पुन्हा घरोघरी पोहोचला. सोय मोठी, पण तो नेमका कधी जागा होईल, हे आपल्या हातात नाही.

(पडद्यावर कंपायलरचा, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामचा, लाल अक्षरांतला नकार.)

२०१५ साली १.० आवृत्तीपर्यंत पोहोचलेल्या रस्ट या भाषेने तिसरा मार्ग धरला. प्रत्येक मूल्याला मालक एकच. मालक गेला, की मूल्यही गेलं. दुसऱ्याला उसनं द्यायचं असेल, तर वाचायला कितीही जणांना द्या, बदलायला एका वेळी एकालाच. नियम मोडला, की कंपायलर प्रोग्राम बांधूनच देत नाही. सुरुवातीचे काही आठवडे हा कंपायलर खडूस वाटतो, यात शंका नाही. आणि जिचा इतका बोलबाला, ती क्लासची इनहेरिटन्स या भाषेत नाहीच.

डिसेंबर २०२२मध्ये लिनक्स ६.१च्या कर्नलमध्ये, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, सीच्या शेजारी रस्टला जागा मिळाली. तिथे हार्डवेअरला थेट हात घालायचा, तर ‘अनसेफ’ असं लिहून कंस उघडावा लागतो.

(पुन्हा चौकटींची रांग.)

त्या कंसात कच्चे पॉइंटर चालतात. पत्ता बरोबर आहे ना, हे तिथे लिहिणाऱ्यानेच बघायचं.