गोलोरित्झेची वाट आणि सात खडे

श्रोतेहो, नमस्कार. आज तुम्हाला एका समुद्रकिनाऱ्यावर न्यायचं आहे, आणि तेही पायी. भूमध्य समुद्रात सार्डिनिया नावाचं इटलीचं मोठं बेट आहे. त्याच्या पूर्वेला ओरोसेईचं आखात, आणि त्या आखातात कड्यांच्या तळाशी काला गोलोरित्झे. काला म्हणजे आपल्या गोपाळकाल्यातला काला नव्हे हो. तिकडे समुद्र जिथे कड्याच्या कुशीत जरासा आत शिरतो, त्या वळणाला काला म्हणतात. नाव पुन्हा सांगतो, कारण माझ्याही जिभेवर ते चार दिवसांनी बसलं. गो-लो-रि-त्झे.

इथे गाडी जात नाही आणि बोटीला किनाऱ्याला लागायची बंदी आहे. डोंगरावर बाउनेई नावाचं गाव आहे, त्याच्याही वर गोल्गोचं पठार. गाडी पठारावर ठेवायची आणि साडेतीन किलोमीटर चालायचं. सुरुवातीला थोडा चढ, पुढे सगळा उतार. उतरायला तास-सव्वा तास, चढून यायला दीड तास, माझ्यासारख्याला दोन. दिवसाला अडीचशे माणसांनाच सोडतात, त्यामुळे नाव आधी नोंदवावं लागतं आणि काही युरो शुल्कही भरावं लागतं. वाटेत पाणी नाही, किनाऱ्यावर दुकान नाही. तेव्हा माणशी दोन लिटर पाणी. हे लक्षात ठेवा, माणशी दोन लिटर; पुढे गोष्टीत याचं काम आहे.

बंदी म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मला विचाराल तर किनाऱ्यावर चाक जाता कामा नये, कुठल्याही किनाऱ्यावर. आमच्या कोकणात मोटार थेट वाळूत घालायची, ती रुतली की भरती यायच्या आत ट्रॅक्टर शोधत फिरायचं, आणि बाकीच्यांनी त्याचं चित्रीकरण करायचं, हा आता सुट्टीचा कार्यक्रमच झाला आहे. आणि ते पाठीवर अडकवलेले गाणारे स्पीकर! त्याविषयी एक वेगळं भाषण देईन, रेडिओ केंद्राने वेळ दिला तर. असो.

वाट चुनखडीच्या डोंगरातून उतरते. दोन्ही बाजूंना ओकची जुनी, पिळवटलेली झाडं. मध्येच धनगरांची झोपडी दिसते, खाली दगडाचं जोतं आणि वर जुनिपरच्या खोडांचं छप्पर. मग एका वळणावर उजवीकडे एकदम तो सुळका उभा राहतो. अगुल्या म्हणतात त्याला. 143 मीटर उंच, दगडाची नुसती सुई. त्याच्या पायथ्याशी पांढऱ्या खड्यांचा छोटासा किनारा, आणि पाणी असं की तळाचा खडा न् खडा मोजून घ्यावा. गंमत म्हणजे हा किनारा माझ्याहून लहान आहे. 1962 साली कडा ढासळला आणि त्या दगडगोट्यांतून तो तयार झाला. मी तेव्हा शाळेत जात होतो. 1995 मध्ये त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. मला अजून कोणी काही दिलेलं नाही.

आता गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं नवरा-बायको लेकीकडे इटलीतल्या तोरिनोला गेलो होतो. लेक-जावयांनी सार्डिनियाचा बेत आखला, बाउनेईत चार दिवसांसाठी घर भाड्याने घेतलं. गोलोरित्झेची नोंदणी मिळाली ती नेमकी गौरी आवाहनाच्या दिवसाची. आमच्याकडे खड्याच्या गौरी. पाणवठ्यावरचे सात खडे आणायचे, पूजायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात सोडायचे. हिने आदल्या रात्री एवढंच विचारलं, "तिथे खडे आहेत ना?" मी म्हटलं, "खडेच आहेत." विषय तिथेच संपला असं मी समजलो. बत्तीस वर्षांच्या संसारात विषय संपला असं मी समजलो आणि तो खरंच संपला, असं एकदाही झालेलं नाही.

खाली पोचल्यावर ही पाण्यात पाय सोडून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, ओहोटी कधी लागते?" कोकणातली बाई, आधी तेच विचारणार. मी सांगितलं, या समुद्राला आपल्यासारखी भरती-ओहोटी नाही, वीतभर-हातभर पाणी वरखाली होतं इतकंच. तिला ते पटलं नाही. "असला कसला समुद्र?" मग म्हणाली, "पण खारं पाणी गौरींना चालेल का?" यावर जावईबापूंनी, बिचाऱ्यांनी चांगल्या हेतूने, एक माहिती दिली. या डोंगरावर पडलेला पाऊस ओढ्यांनी वाहत नाही. चुनखडीच्या भेगांतून तो आत जिरतो आणि समुद्राच्या पोटातून झऱ्यांनी वर येतो. किनाऱ्याच्या एका कडेला पाय ठेवला तर पाणी एकदम गार लागतं, ते गोडं पाणी. ही उठली आणि त्या गार पाण्यात जाऊन उभी राहिली. झरा आहे म्हणजे पाणवठा झाला. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही, मी टोपी तोंडावर घेऊन झोपलो होतो.

परतीचा चढ सुरू झाला आणि ही बोलेना. एक शब्द नाही. आधी वाटलं, दम लागला असेल. पण दम लागलेलं माणूस निदान कण्हतं तरी. मग वाटलं, रागावली. का रागावली असेल म्हणून मी चढावर चालता चालता एकेक गुन्हा कबूल करत गेलो. म्हटलं, झोपायला नको होतं मला. उत्तर नाही. म्हटलं, सकाळच्या चहाला नावं ठेवायला नको होती. उत्तर नाही. शेवटी म्हटलं, "बरं बाई, पाण्याच्या दोन बाटल्या गाडीत विसरल्या त्या मीच. जावईबापूंवर ढकललं ते चुकलं." जावईबापू मागेच होते. त्यांनी ऐकलं. ही तरीही गप्प.

अर्ध्या वाटेवर एका ओकच्या सावलीत बसलो. हिने कमरेचा रुमाल सोडला, आत सात खडे. पांढरे, गुळगुळीत, सुपारीएवढे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खडे आणणारीने घराचा उंबरा ओलांडेपर्यंत बोलायचं नसतं!

लेकीने मात्र कपाळाला हात लावला. "आई, पाटी वाचली नाहीस?" श्रोतेहो, सार्डिनियात किनाऱ्यावरची वाळू, खडे, शिंपले उचलणं हा गुन्हा आहे. 2017 च्या कायद्याने दंड आहे पाचशे ते तीन हजार युरो. पुन्हा सांगतो, कमीत कमी पाचशे युरो. 2019 मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत वाळूने भरलेल्या चौदा बाटल्या सापडल्या, 40 किलो वाळू, आणि प्रकरण तुरुंगाच्या गोष्टीपर्यंत गेलं.

हिने आधी हातवारे करून वाद घातला. मग व्रत मोडलंच. "चोरी कसली? तिसऱ्या दिवशी पाण्यातच सोडायचे आहेत. माहेरपणाला नेतेय मी त्यांना!" लेक म्हणाली, "आई, इथल्या कायद्यात माहेरपण नाही." जावईबापू मान खाली घालून बुटाची नाडी बांधत राहिले. आणि मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं. पाण्याच्या बाटल्या विसरणारा माणूस एव्हाना जाहीर झालाच होता.

रुमाल घेऊन मी पुन्हा खाली उतरलो, दुपारच्या उन्हात. किनाऱ्यावरच्या रखवालदाराला इटालियन सोडून काही येईना, मला इटालियन सोडून सगळं. मी रुमाल उघडला, खड्यांकडे बोट केलं, मग वर डोंगराकडे, मग कपाळाला हात लावला. त्याला सगळं कळलं; बायको ही भानगड बहुधा सगळीकडे एकाच खुणेने सांगता येते. त्याने गंभीरपणे समुद्राकडे हात केला. मी त्या गार पाण्यात उभा राहून एकेक खडा सोडला, सात. वर आलो तेव्हा त्याने स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. अर्धी संपवली मी, लाज न बाळगता. माणशी दोन लिटर, सांगितलंय ना?

संध्याकाळी घरी पोचलो तर हिचं तोंड उतरलेलं. गौरी यायच्या आणि खडे नाहीत. आमच्या घरमालकीणबाई, सत्तरीच्या, काळा झगा, त्यांना लेकीने सगळं समजावून सांगितलं. त्या उठल्या, अंगणात गेल्या आणि बेझिलच्या कुंडीतले पांढरे खडे ओंजळीत घेऊन आल्या. ओल टिकावी म्हणून दुकानातून पोतंभर विकत आणून त्यांनी कुंड्यांमध्ये घातले होते. विकतचे, म्हणजे कायदेशीर. आणि बेझिल म्हणजे आपल्या तुळशीची चुलतबहीण. तेव्हा हिच्या दृष्टीने सोवळ्यातलेही. हिने त्यातले सात निवडले, अंगणातल्या नळापासून स्वयंपाकघरापर्यंत तोंडातून शब्द न काढता आली आणि त्यांना पाटावर बसवलं. दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं झालं. तिकडे धनगर लोक आठवडेच्या आठवडे टिकणारी पापडासारखी पातळ भाकरी बाळगतात, कारासाउ. बाईंनी तिचा तुकडा घाटल्यात बुडवून खाल्ला आणि वाटी पुढे केली. घावनाला मात्र त्यांनी हात लावला नाही, हे मला अजून खटकतं.

तिसऱ्या दिवशी खडे होते तिथेच गेले, कुंडीत, वर तांब्याभर पाणी.

गेल्या भाद्रपदात त्या बाईंचा लेकीला निरोप आला होता. म्हणाल्या, आईला सांग, कुंडी धुऊन ठेवली आहे.

नमस्कार.