दंडव्याजाच्या रकान्यात शून्य कुणी टाकलं?

(बेळगावात पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, खानापूरची पतसंस्था घ्या नाहीतर निपाणीची. मुख्य हिशेब सॉफ्टवेअरमध्ये असला तरी थकबाकीची यादी पुष्कळदा एक्सेलमध्येच असते. संचालकांच्या बैठकीला ती हवी तशी लावून, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये छापून द्यावी लागते ना! आज मी त्या यादीतल्या एकाच रकान्याबद्दल बोलणार आहे, दंडव्याजाच्या.

सी रकान्यात हप्त्याची तारीख, डीमध्ये रक्कम, ईमध्ये भरल्याची तारीख. एफमध्ये आपण सूत्र घालतो (कॉम्प्युटरवर अर्थात इंग्रजी अक्षरांत):

=इफ(ई५>सी५, डी५*२%*(ई५-सी५)/३६५, ०)

हप्ता ५,००० रुपयांचा, उशीर ७३ दिवसांचा, दर वर्षाला २ टक्के धरला, तर दंड २० रुपये. बरोबर येतो. आता ज्यानं हप्ता भरलेलाच नाही त्याची ओळ बघा. ई रिकामा. एक्सेल रिकामा सेल इथं शून्य धरतं, आणि त्याच्या हिशेबी तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला आकडा. शून्य काही सीपेक्षा मोठं नाही, म्हणून दंड शून्य! उशिरा का होईना, पैसे भरणाऱ्याला दंड, आणि बुडवणारा मोकळा. म्हणून ई रिकामा असेल तर त्याच्या जागी यादीची तारीख घ्यायला सांगा. ती के१मध्ये एकदाच लिहा आणि सूत्रात के१ला डॉलरच्या खुणा लावा, म्हणजे सूत्र खालच्या ओळींत कॉपी केलं तरी के१ बदलत नाही. आजची तारीख देणारं फंक्शन तिथं नको. सोमवारी छापलेला आकडा गुरुवारी जुळायचा नाही.

हे झालं सूत्राचं. खरी गंमत पुढं आहे. बैठकीत चेअरमन म्हणतात, “असू दे की ओ, त्यांच्या घरात आजारपण आहे, दंड सोडून द्या.” निर्णय योग्यच असेल, तो त्यांचा अधिकार. क्लार्क येऊन एफ१२मध्ये शून्य टाकतो. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट आणलं, तेव्हापासूनची रीत आहे ही: एका सेलमध्ये एक तर सूत्र राहील, नाहीतर हातानं टाकलेला आकडा. शून्य टाकलं त्याच क्षणी तिथलं सूत्र गेलं. पुढच्या महिन्यात तीच फाइल नव्या नावानं सेव्ह केली की शून्यही पुढं चाललं. त्या ओळीत उद्या दुसऱ्या कर्जदाराचं नाव आलं, तर त्यालाही माफी. कुणी दिली? ऑडिटर विचारतो तेव्हा सगळे एकमेकांकडं बघतात. हाताच्या खतावणीत आकडा खोडताना एक रेघ मारून शेजारी सही करायचे, खालचा आकडा वाचता यायचा. ती शिस्त आपण कॉम्प्युटर आल्यावर का सोडली, मला कळत नाही.

उपाय साधा आहे. एफला हात लावायचा नाही. शेजारी जी रकाना करा, ‘बैठकीत ठरलेला आकडा’. एचमध्ये वसुलीचा आकडा, आणि आयमध्ये ठराव क्रमांक, तारीख, कारण. तोंडी सांगितलं असेल तर ‘तोंडी’ लिहा आणि कुणी सांगितलं तेही. बेरीज एचची.

एचमधलं सूत्र मात्र जपून. पुष्कळजण लिहितात, =इफ(जी५>०, जी५, एफ५). दिसायला ठीक. पण माफी म्हणजे जीमध्ये शून्य, आणि शून्य काही शून्यापेक्षा मोठं नाही, म्हणजे माफी दिली तरी दंड लागलाच. उलट कुणी जीमध्ये ‘माफ’ असं लिहिलं, तर एक्सेलच्या तुलनेत अक्षरं कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी ठरतात. एचमध्ये ‘माफ’ उमटतं आणि बेरीज करणारं समचं फंक्शन ते निमूट सोडून देतं. आणखी एक सवय: सेल पुसायचा म्हणून डिलीट न दाबता स्पेसबार मारायचा. सेल दिसतो रिकामा, पण आत एक अक्षर बसलंय. तेही ‘शून्यापेक्षा मोठं’, म्हणून दंड गायब. खरी माफी नाकारली आणि स्पेसबारची मान्य केली! सेल रिकामा आहे का ते तपासणाऱ्या इझब्लँकनंही हे सुटत नाही, कारण त्याच्या लेखी तो सेल भरलेला आहे. त्यापेक्षा हे घाला:

=इफ(इझनंबर(जी५), जी५, एफ५)

जीमध्ये खरा आकडा असेल तरच तो घ्यायचा, मग तो शून्य का असेना. बाकी काहीही असलं तरी सूत्राचा आकडा.

जुन्या फाइलींत आधीच किती सेल असे मारले गेलेत, ते शोधायला एक्सेलसारख्याच लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये कंट्रोल आणि एफ८ दाबा: सूत्रं हिरवी, हातानं टाकलेले आकडे निळे. हिरव्या रकान्यात निळा दिसला की पकडलाच. एक्सेलमध्ये एफचा रकाना निवडून कीबोर्डवरचं एफ५ बटण दाबा, मग स्पेशल, मग कॉन्स्टंट्स.

सूत्रांना कुणाचा हात लागू नये म्हणून शीट प्रोटेक्ट करा, पण त्याआधी जी, आय आणि रोज भरायचे रकाने अनलॉक करायला विसरू नका. मुळात सगळेच सेल लॉक असतात. जीला डेटा व्हॅलिडेशन लावून शून्य किंवा त्याहून मोठा आकडाच घ्यायला सांगा. पण ते फक्त टाइप केलेल्याला अडवतं. दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलेलं सरळ आत जातं, तेव्हा जी रकान्यात पेस्ट करायचं नाही, एवढं तरी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवा.