दुब्रोव्हनिकला जाताय? मग मिठागरही बघा!

नमस्कार मंडळी! माझ्या पाठीमागे डोंगरावर चढत गेलेला तट दिसतोय ना, तो क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक शहराचा नाही. हे स्तोन. दुब्रोव्हनिकपासून गाडीनं साधारण तासाभरावरचं गाव. गाव एवढंसं, आणि तट पाच किलोमीटरांहून लांब! खुद्द दुब्रोव्हनिकचा तट १,९४० मीटर आहे. मग इथे एवढा खटाटोप कशासाठी? तर या समोरच्या मिठागरांसाठी. १३३३ साली दुब्रोव्हनिकनं हा मुलूख मिळवला आणि तट घालायला घेतला, कारण मीठ म्हणजे रोकडा पैसा होता.

म्हणून सांगते, क्रोएशियाला आलात तर फक्त शहराच्या फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरून, चक्कर मारून परत जाऊ नका.

अर्थात ती चक्कर चुकवायचीही नाही. सकाळी उघडताच चढा, वर सावली जवळपास नाहीच. चालायची दिशा एकच ठरलेली आहे. पिले वेशीपासून चढलात तर आधी समुद्र, मग बंदर आणि शेवटी मिंचेता बुरूज. तिथे थांबा आणि खालची कौलं नीट बघा. काही फिकट, मातकट, एकीची छटा दुसरीला नाही. बाकीची लालभडक, सगळी एकसारखी. ही लाल कौलं क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धानंतरची. ६ डिसेंबर १९९१ रोजी या जुन्या शहरावर तोफगोळ्यांचा भडिमार झाला, आणि हे शहर १९७९पासून जागतिक वारसा यादीत होतं! छपरं पुन्हा शाकारली, पण रंग काही जुळला नाही. मला ते बरंच वाटतं. घाव कुठे बसला, ते बोट ठेवून दाखवता येतं.

खाली उतरलात की ओनोफ्रिओचं कारंजं. १४३८ साली सुमारे बारा किलोमीटरवरून पाणी आणलं. सोळा दगडी मुखवट्यांच्या तोंडून ते आजही पडतं. बाटली तिथेच भरून घ्या.

मग दुसऱ्या टोकाला, प्लोचे वेशीबाहेर, लाझारेती, म्हणजे बाहेरून आलेल्यांना साथीच्या भीतीनं वेगळं ठेवायच्या जुन्या इमारती. लोक इथून सरळ पुढे निघून जातात, मला फार वाईट वाटतं. १३७७ साली दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकानं कायदा केला: साथीच्या मुलखातून आलेल्यानं तीस दिवस बाहेर काढायचे, मगच वेशीच्या आत. तेव्हा ही माणसं म्रकान बेटावर किंवा त्साव्तात गावात राहायची. लाझारेतीच्या इमारती सतराव्या शतकातल्या. त्साव्तातला आज बोटीनं जाता येतं, गाव सुरेख आहे.

लोक्रुम बेट बोटीनं पंधरा मिनिटांवर. मोर हिंडत असतात, मुक्काम मात्र करता येत नाही. स्र्ज डोंगरावर रोपवे जातो, संध्याकाळी जा. आणि हो, २०२३पासून इथे युरो चालतो आणि व्हिसा शेंगेनचा लागतो.

आता कॅमेरा जरा खाली घेते. हे बघा, बांधाच्या कडेला पांढरी खर धरलीये. बोटानं खरवडली की मीठ. एवढ्यासाठी तो तट डोंगरावर चढलाय.