टेबलाच्या डोक्याशी उभ्या असलेल्या सिस्टर

(दृश्य : नागपुरातल्या एका रुग्णालयाचं ऑपरेशन थिएटर (ओटी), सकाळची वेळ. पेशंट अजून आत आलेला नाही.)

निवेदन :

सिस्टरांनी लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात नळी घालताना आतलं पाहायचं उपकरण, उघडला, दिवा लागतो ना ते पाहिलं. ब्लेड बदललं, पुन्हा पाहिलं. सक्शनच्या नळीला बोट लावून ओढ बघितली. राखीव ऑक्सिजन सिलिंडरचा काटा पाहिला. आता सिरिंजांवर लेबलं लावणं चाललंय. एका सिरिंजमध्ये स्नायू सैल करणारं औषध, दुसरीत उलटीवरचं. दोन्ही पाण्यासारखी. लेबलांची अदलाबदल झाली, तर जाग्या पेशंटचा श्वास थांबेल.

भूल देतात ते डॉक्टर. आपल्याकडे ते काम भूलतज्ज्ञांचंच आहे. पण श्वासासाठी घशात नळी घालताना त्यांची नजर स्वरयंत्रावरून हलत नाही. हात फक्त बाजूला येतो आणि हव्या त्या मापाची ट्यूब त्या हातात पडते. ती देणारी व्यक्ती पेशंटला कधी दिसत नाही.

(दृश्य : धंतोलीचा रस्ता, रुग्णालयांच्या पाट्या.)

चंद्रपूर, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा, सगळीकडचे पेशंट ऑपरेशनसाठी नागपूर गाठतात. मेडिकल, मेयो, एम्स, शिवाय धंतोली-रामदासपेठेतली लहानमोठी रुग्णालयं. प्रत्येक ओटीत अशा सिस्टर आहेत, ब्रदर आहेत. परिचारिकांच्या संघटनेच्या बैठकीत मात्र त्यांच्यातले फार थोडे दिसतात. कारणं खरी आहेत. नाइट करून आलेल्या बाईला रविवारी सकाळी बैठकीला ये म्हणणं सोपं नाही. घर आहे, मुलं आहेत. आणि मनात एक प्रश्न असतोच : माझ्या एकटीच्या जाण्यानं काय होणार?

अमेरिकेत हाच प्रश्न भूल देणाऱ्या परिचारिकांपुढे होता. तिथे परिचारिका स्वतः भूल देतात, फार पूर्वीपासून. तिथल्या मेयो क्लिनिकमधल्या (आपलं नागपूरचं मेयो नव्हे) अॅलिस मॅगॉ या परिचारिकेने १९०६ साली चौदा हजारांहून अधिक भुलींचा अनुभव छापून मांडला. भुलीमुळे झालेला एकही मृत्यू त्यात नव्हता. एवढं कौशल्य असूनही त्यांची स्वतःची संघटना नव्हती. ती १९३१मध्ये क्लीव्हलँडला अगाथा हॉजिन्स यांनी उभी केली. त्याच दशकात कॅलिफोर्नियात डॅगमार नेल्सन या परिचारिकेला डॉक्टरांनी कोर्टात खेचलं, भूल देणं हा डॉक्टरकीचा व्यवसाय आहे म्हणून. १९३६मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल नेल्सनच्या बाजूने दिला. पुढे १९४५मध्ये पात्रता परीक्षा सुरू झाली, तीही संघटनेनेच घेतली. आपल्या कामाचा दर्जा त्यांनी स्वतः ठरवला. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे.

(दृश्य : नर्सेस हॉस्टेलचा व्हरांडा, डबे उघडलेले.)

आपल्याकडचं उदाहरण तर घरातलंच आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना १९०८पासूनची. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांचे पगार आणि कामाची अवस्था घेऊन ती २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीची शिफारस अशी : पन्नासपेक्षा कमी खाटा असतील तरी पगार वीस हजारांच्या खाली नको. दोनशेच्या वर खाटा असतील, तर राज्य सरकारच्या परिचारिकेएवढा पगार. सुट्ट्या, कामाचे तास, निवास, येण्याजाण्याची सोय हेही सरकारी सेवेच्या बरोबरीने.

धंतोलीतल्या तीस खाटांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या कितीजणींना हा आकडा माहीत आहे? शिफारस कागदावर आली. ती पगाराच्या पावतीवर आणायची, तर राज्य पातळीवर पाठपुरावा हवा, आणि तो करायला माणसं लागतात. दिल्लीतल्या मुख्यालयाला नागपूरची पावती दिसत नाही. ती इथल्याच कुणीतरी दाखवायला हवी.

ओटीचे स्वतःचे प्रश्नही आहेत. सिस्टर भुलीच्या कामात तयार होते आणि बदलीच्या चक्रात वॉर्डात जाते. पुन्हा नवी येते, पुन्हा शून्यापासून शिकवणं. २०२१च्या केंद्रीय कायद्याने भूल-तंत्रज्ञांच्या व्यवसायाला स्वतंत्र मान्यता मिळाली. चांगलंच झालं. पण तंत्रज्ञाचं काम कुठे संपतं आणि सिस्टरचं कुठे सुरू होतं, हे ठरताना रोज टेबलाच्या डोक्याशी उभं राहणाऱ्यांना विचारलंच पाहिजे. विचारायचं कुणाला? संघटनेत त्यांचं नावच नसेल, तर वॉर्डाच्या अनुभवावरून ओटीचे नियम होतील.

(दृश्य : ड्युटी संपवून बाहेर पडणाऱ्या दोघी.)

ताई, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी म्हणजे संघटनेचं सदस्यत्व नव्हे. ते वेगळं घ्यावं लागतं. घेतलं असेल, तर पुढच्या बैठकीला या, आणि येताना एक कागद आणा. तुमच्या ओटीत किती टेबलं चालतात, त्यावर किती सिस्टर असतात, लेबलं छापील आहेत की हाताने लिहिता, रात्रीच्या इमर्जन्सीला भुलीच्या मदतीला कोण असतं, एवढंच लिहा. वर रुग्णालयाचं नाव नको, खाटांची संख्या पुरे. असे दहा-बारा कागद जमले, की निवेदन लिहायला बसता येतं.