जबड्याची ठेवण आणि प्रौढांचे उच्चार

श्रोतेहो, जबड्याची ठेवण बिघडलेल्या प्रत्येकाचे बोलणे बिघडतेच असे नाही, आणि ज्यांचे बिघडलेले असते त्यांच्याही बाबतीत दोष सर्वस्वी जबड्याचाच असतो असे नाही. यांपैकी दुसरे विधान मला आज नीट उलगडायचे आहे. दातांना तारा लावण्याचा किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना, एकदा जबडा जागेवर आला की उच्चार आपोआप सुधारतील, अशी आशा अनेक प्रौढ माणसे मनात धरून असतात आणि ती कितपत रास्त आहे हे बहुतेक वेळा कुणी तपासलेलेच नसते.

सुरुवात ‘स’पासून करू, कारण वाकड्या चाव्याचा, म्हणजे वरचे आणि खालचे दात मिटल्यावर नीट न जुळण्याचा, फटका बहुधा याच वर्णाला सर्वांत जास्त बसतो. ‘स’ उच्चारताना जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना आणि हिरड्यांना टेकतात, मधोमध एक अरुंद पन्हळ तयार होते, आणि तिच्यातून निघालेला हवेचा झोत समोरच्या दातांच्या कडांवर आदळून तो तीक्ष्ण आवाज निर्माण करतो. आपण सर्वांनी आत्ता ‘स’ लांबवून उच्चारावा आणि तो चालू असतानाच खालचा जबडा हळूहळू खाली न्यावा. आवाजाची धार बोथट होत गेल्याचे लगेच जाणवेल, कारण खालचे दात झोताच्या वाटेतून दूर झाले. ज्यांच्या दाढा मिटल्यावरही समोरच्या दातांत फट उरते, म्हणजे ज्याला दंतवैद्य ‘ओपन बाइट’ म्हणतात, त्यांना ‘स’ म्हणताना नेहमीच या अडचणीशी झगडावे लागते. त्यातच जीभ त्या फटीतून पुढे येऊ लागली की ‘स’ बोबडा होतो आणि ‘त’, ‘द’, ‘न’ हे दंत्य वर्णही दातांच्या मागे न होता दातांच्या मध्ये होऊ लागतात.

खालचा जबडा मागे असेल तर अडचण वेगळी असते. ‘स’साठी समोरचे दात एकमेकांच्या जवळ यावे लागतात, म्हणून अशी व्यक्ती नकळत दर वेळी जबडा पुढे सरकवते आणि उच्चार बहुधा छान साधते, पण त्यासाठी स्नायूंना जास्तीचे काम पडते. अंतर फारच मोठे असेल तर ओठ मिटणे कठीण होते आणि ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना खालचा ओठ वरच्या ओठाऐवजी वरच्या दातांना लागतो. खालचा जबडा पुढे असेल तर नेमके याच्या उलट घडू शकते: ‘व’साठी किंवा ‘ऑफिस’मधल्या ‘फ’साठी वरचा ओठ खालच्या दातांवर टेकतो. ऐकणाऱ्याला तो उच्चार पुष्कळदा ठीकच वाटतो, पाहणाऱ्याला मात्र खटकतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कानाला न जाणवणाऱ्या गोष्टीवर उपचार करावा की नाही, हे त्या व्यक्तीनेच ठरवायचे असते.

अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली चाव्याचे जे तीन वर्ग केले, ते आजही वापरले जातात. परंतु त्यांचा पाया पहिल्या कायम दाढांच्या परस्परसंबंधावर आहे. केवळ वर्गावरून कुणाचे उच्चार कसे असतील हे सांगता येत नाही. याचे कारण जिभेच्या विलक्षण कौशल्यात आहे. ध्वनिशास्त्रज्ञ ब्यॉर्न लिंडब्लोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बोलणाऱ्यांच्या दातांमध्ये ठोकळा ठेवून जबडा अडकवला, तरी त्यांचे स्वर पहिल्या प्रयत्नापासूनच नेहमीच्या स्वरांच्या अगदी जवळ आले. अरुंद वाटेतून हवा घासत जाऊन होणाऱ्या ‘स’सारख्या घर्षक व्यंजनांना मात्र एवढी मोकळीक नसते. त्यांच्या बाबतीत मिलिमीटरभर फरकही ऐकू येतो.

हीच जीभ वर्षानुवर्षे आडमार्ग शोधत राहिली की त्या आडमार्गाची सवय होते, आणि प्रौढांच्या उपचारातला खरा प्रश्न इथे उभा राहतो. काही दोष असे असतात की जीभ योग्य जागी असूनही केवळ दातांच्या रचनेमुळे ध्वनी बिघडतो. रचना दुरुस्त झाली की ते बव्हंशी जातात. रचना तशीच ठेवून महिनोन्‌महिने सराव करवणे म्हणजे त्या माणसाला विनाकारण थकवणे होय. दुसरे दोष जिभेच्या शिकलेल्या चुकीच्या जागेचे असतात आणि जबडा कितीही अचूक बसवला तरी ते उरतात. त्यांना वाचाउपचारच लागतो. त्यामुळे जिभेची जागा, ओठांची हालचाल आणि श्रवण यांची वाचाउपचारतज्ज्ञाकडून तपासणी शस्त्रक्रियेच्या आधी व्हायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे. वय वाढले म्हणून आता काही होणार नाही, हे उत्तर मला मान्य नाही. प्रौढ माणूस सवय बदलू शकतो, त्याला नेमके काय बदलायचे ते कळले पाहिजे.

प्रौढपणी चावा नव्याने बदलू लागला असेल, तर मात्र आधी डॉक्टरांकडे जावे. कानाजवळच्या जबड्याच्या सांध्याची झीज किंवा जुना अस्थिभंग यामागे असू शकतो. क्वचित वाढीच्या संप्रेरकाच्या अतिस्रावाने जबडा आणि जीभ मोठी होतात, दातांत फटी पडतात आणि आवाज जाडसर होतो. बोलणे अचानक अडखळू लागले, तर पक्षाघाताची शक्यता धरून तातडीने रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रिया सामान्यतः जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच केली जाते. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी उभा चिरून पुढे किंवा मागे सरकवण्याची पद्धत ट्राउनर आणि ओबवेगेसर या शल्यचिकित्सकांनी १९५७ साली मांडली, आणि तिच्यात सुधारणा होत आजची पद्धत घडली. तिच्यानंतर खालच्या ओठाला बधिरपणा येऊ शकतो. तो बहुधा कमी होत जातो, पण काहींच्या बाबतीत टिकतो. वरचा जबडा पुढे आणताना मृदू टाळू, म्हणजे टाळूचा मागचा मऊ भागही, त्याच्यासोबत पुढे येते, म्हणून ज्यांची टाळू जन्मतः दुभंगलेली होती त्यांचा आवाज शस्त्रक्रियेनंतर नाकातून येण्याचा धोका असतो. अशा रुग्णांनी नाकाकडची वाट बोलताना पुरेशी बंद होते की नाही, हे आधीच तपासून घ्यावे. इतरांनीही शस्त्रक्रियेपूर्वी आपल्या नेहमीच्या संभाषणाचे आणि एखाद्या उताऱ्याच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे, सूज उतरून जीभ नव्या जागेला सरावली की काही महिन्यांनी तोच उतारा पुन्हा वाचावा, आणि ‘स’ तेव्हाही पूर्वीसारखाच ऐकू आला तर वाचाउपचार सुरू करावेत.