विश्वामित्रीचा काठ

श्रोतेहो, नमस्कार.

थंडीच्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमारास बडोद्यातल्या काळा घोडा चौकाजवळच्या पुलावर थांबून खाली पाहिले, तर विश्वामित्री नदीच्या काठी उन्हाला पडलेली मगर पुष्कळदा दिसते. गेल्या पौषात मी असाच थांबलो होतो. निर्माल्याच्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांच्या ढिगाशेजारी, चिखलाच्या उतारावर, सात-आठ फुटांची एक मगर जबडा वासून निश्चल पडली होती. शेजारी उभ्या असलेल्या मुलाने आजोबांना विचारले, "आजोबा, तिला भूक लागली आहे का?" आजोबांनी होकार दिला. खरे तर जबडा उघडा ठेवून मगर आपल्या अंगातली उष्णता आटोक्यात ठेवत असते. एवढी मोठी वस्ती असलेल्या शहराच्या मधोमध वन्य मगरी राहतात, असे उदाहरण जगात फार थोडे आढळेल. आणि तरीही तिच्याविषयी आपल्याला किती कमी ठाऊक आहे, हे त्या दिवशी मला जाणवले.

मगर पाण्यात राहते, एवढेच आपण शाळेत शिकलो. परंतु तिला पाण्याइतकाच काठ लागतो, आणि तोही मातीचा, उताराचा काठ. उन्हाळ्याच्या तलखीत आणि कडाक्याच्या थंडीत ती काठात खोदलेल्या बिळात आसरा घेते. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी काठावर खड्डा करून त्यात पंचवीस-तीस अंडी घालते, माती लोटून तो बुजवते आणि जवळपास दोन महिने राखण करते. पिल्ले नर होणार की मादी, हे त्या मातीच्या उबेवर ठरते. पावसाळ्याच्या तोंडावर अंड्यांच्या आतून पिल्लांचा आवाज येऊ लागला, की ती खड्डा उकरते आणि ज्या जबड्याची आपल्याला एवढी धास्ती वाटते, त्याच जबड्यात पिल्लांना अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते.

हा काठ आपण गिळत चाललो आहोत. विश्वामित्रीच्या दोन्ही बाजूंना घळींचे जाळे आहे. इथे सगळे त्यांना कोतरे म्हणतात. पावागडावरून येणाऱ्या या नदीचे पुराचे पाणी पसरायला आणि थोपवून धरायला ही कोतरे उपयोगी पडतात. आपण त्यांना पडीक जमीन समजून राडारोड्याने भरत आलो. तीन वर्षांपूर्वी आमच्या जुन्या वाड्याची मागची भिंत उतरवली, तेव्हा विटा-मातीच्या चार ट्रॉल्या निघाल्या. माल कुठे टाकणार, असे मी ट्रॅक्टरवाल्याला विचारले. "नदीकडे, काका," एवढेच तो म्हणाला आणि मी त्याला पैसे दिले. त्या चार ट्रॉल्यांखाली एखादे बीळ बुजले असेल का, हा प्रश्न अजून माझ्या मनातून जात नाही.

31 जुलै 2019 रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस झाला. ऑगस्ट 2024 मध्ये आजवा जलाशयाचे पाणी आणि शहरातला पाऊस एकत्र आला, तेव्हा नदीने 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि वस्त्या दिवसचे दिवस पाण्यात राहिल्या. दोन्ही वेळा मगरी गल्ल्यांत, अंगणांत आल्या. वन खात्याची माणसे आणि तरुण स्वयंसेवक रात्री-बेरात्री धावले. डोळ्यांवर ओले पोते टाकले की मगर बरीच शांत होते, मग तोंड बांधून तिला उचलतात, हे त्या दिवसांत पुष्कळांनी प्रत्यक्ष पाहिले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. नदीकाठच्या गावांत मगरीच्या हल्ल्यांत माणसांचे जीवही गेले आहेत, आणि ज्या घरातले माणूस गेले त्या घराला मगरीचे कौतुक सांगण्याचा अधिकार मला नाही. तरीही पाण्याला पसरायला जागा न उरल्यावर ते घरात शिरते, आणि पाण्याच्या मागोमाग मगर येते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

सांडपाण्याविषयी फार बोलत नाही, नाकाला ते सर्वांना कळते. अधिक काळजी मला पूर ओसरल्यानंतरच्या उपायांची वाटते. 2025 च्या उन्हाळ्यात नदी खोल आणि रुंद करण्याचे काम झाले. गाळ काढणे गरजेचे आहे, हे मी मान्य करतो. पण यंत्रे काठ उकरतात तेच महिने मगरीच्या अंड्यांचेही असतात, म्हणून अशा प्रत्येक कामाआधी काठाचा फूटन्‌फूट जाणकारांकडून तपासून घ्यायला हवा. आणि काठाला सिमेंटची सरळ भिंत घातली, तर तिथे खड्डा कोण आणि कशात करणार?

यंदा घराची गच्ची दुरुस्त करताना निघालेला राडारोडा मी नदीकडे जाऊ दिला नाही. तो लांब, ठरवून दिलेल्या जागी पोहोचवायला भाडे जवळजवळ दुप्पट पडले. परवा पुन्हा पुलावर गेलो होतो. ढीग तिथेच होता, मगर मात्र नव्हती. उतारावरच्या ओल्या मातीत तिच्या शेपटीची रेघ पाण्यापर्यंत गेलेली दिसत होती.