गोधडीची कड

(घराचा सोपा, म्हणजे ओसरी. सकाळचं ऊन. जमिनीवर गोधडी पसरलेली.)

ही गोधडी माझ्या आजीने शिवली. इथेच, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घराच्या सोप्यावर बसून. कोणी हिला गोधडी म्हणतं, कोणी वाकळ. आमच्या घरात तिला नुसतं ‘आजीची’ म्हणायचे. थंडीच्या रात्री कोणी ‘आजीची दे गो’ म्हटलं की काय द्यायचं ते विचारावं लागत नसे.

मधोमध हात फिरवला तर कापड लोण्यासारखं लागतं. रंग उडालेत, पण टाके जागच्या जागी आहेत. तोच हात कडेकडे नेला की बोट सरळ आत जातं.

ही कड उसवलेली नाही, झिजलेली आहे. उसवते तेव्हा दोरा गेलेला असतो, कापड शाबूत असतं. झिजते तेव्हा कापडच गेलेलं असतं आणि दोरा तेवढा हवेत लोंबतो. उसवलेलं पुन्हा शिवता येतं. झिजलेल्यावर शिवायला काही उरलेलंच नसतं.

कडच आधी का जाते? आपण अंगावर ओढतो ती कड धरून. हनुवटीचा घाम, केसांचं खोबरेल लागतं ते कडेला. आणि धुताना बघा. पाच-सहा थरांची गोधडी पाणी प्यायली की दोघींशिवाय उचलत नाही, ते सगळं वजन चार मुठींत, कडेवर येतं. त्यात कापड जिथे दुमडलेलं असतं तिथे सगळं घासणं मोजक्या धाग्यांवर पडतं. वर आपला पाऊस. जून ते सप्टेंबर पेटीतलं कापडसुद्धा दमट असतं, आणि सुती धागा हे बुरशीचं खाणंच आहे.

यात माझीही चूक आहे. मी ही गोधडी पणजी शहरात नेली आणि वॉशिंग मशीनमध्ये टाकली. बाहेर काढली तेव्हा हातभर कड चिंध्या होऊन लोंबत होती. मशीनसमोर खाली बसून रडले. मग तशीच ओली गोधडी बादलीत घालून गच्चीवर नेली आणि आडवी वाळवली.

(काकीचे हात. चष्मा, सुयांची डबी, मेणाचा तुकडा.)

काकीने ती आधी उजेडाकडे धरली, मग नाकाशी धरली, मग चारही बाजूंनी बोटांनी चाचपली. मी म्हटलं, ‘काकी, खराब झालेलं कापून टाकूया आणि नवी पट्टी मारूया. शिंपी तासाभरात करून देईल.’

काकी म्हणाली, ‘कापू नको गो बाय. तुझ्या आजीने सुरुवात कडेनेच केलीय. पहिली गाठ तिथेच आहे. कड कापलीस की दोरा मोकळा होईल, आणि मग आत-आत सुटत जाईल.’

आणि तिने ते दाखवलं. आजीचा धावदोरा कडेला सुरू होतो, चारही बाजूंनी फिरतो, बोटभर आत सरकतो, पुन्हा फिरतो. चौकटीत चौकट, चौकटीत चौकट, असं करत मध्यावर येऊन संपतो.

अनमोड घाट चढून गेलं की पुढे कर्नाटकातला हल्याळ, यल्लापूरचा मुलूख लागतो. तिथले सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले, आणि इथून निसटून घाटावरच्या रानात वस्ती केलेले. त्यांच्या बायका शिवतात त्या गोधडीला कवंदी म्हणतात. कवंदीचीही शिलाई कडेने सुरू होते आणि फिरत-फिरत मध्ये येते. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. ती फुलं नसली तर कवंदी उघडी राहिली असं त्या मानतात. आजीच्या गोधडीला फुलं नाहीत. पण कोपऱ्यांवर तिने टाके दुप्पट घातलेत, आणि ते मला आज, काकीने बोट ठेवल्यावर दिसले.

(जवळून: सुईच्या टोकाने पट्टी उचलली जाते.)

झिजलेली पट्टी काकीने सुईच्या टोकाने अलगद उचलली. खाली दुसरी पट्टी निघाली. लाल चौकडीची, कुणबी बायका खांद्यावर गाठ मारून नेसतात त्या कापडाची. तीही झिजलेली. ती जरा सरकवली तर तिच्याखाली तिसरी, पांढरट, खरखरीत. पिठाच्या पोत्याचं कापड.

काकी थोडा वेळ बोललीच नाही. मग तिने आजीकडून ऐकलेलं सांगितलं. 1955 च्या सुमाराला भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती. त्या दिवसांत घरात आलेलं पोतंसुद्धा धुऊन, उकडून, जपून ठेवत. सासरी आलेल्या आजीने लुगड्यांची गोधडी शिवली आणि कडेला पोतं लावलं. ते झिजलं, तेव्हा न काढता त्यावर लाल चौकडी चढवली. तीही झिजली, तेव्हा त्यावर ही निळी. मी लहानपणापासून जिला गोधडीची कड समजत होते, ती तिसऱ्यांदा लावलेली कड होती.

कापायचं की नाही, हा प्रश्न तिथेच मिटला.

(आईची सुती साडी. काकी ती खिडकीसमोर धरते.)

चौथ्या पट्टीला आईची जुनी सुती साडी घेतली. कोरं कापड काकीने नको म्हटलं. ते पहिल्या धुण्यात आटतं आणि जुन्याला आपल्याकडे ओढतं, मग कडेला चुण्या पडतात. साडी तिने खिडकीसमोर धरून हळूहळू सरकवली. जिथून उजेड आरपार येतो तिथलं कापड विरलेलं, ते सोडायचं. मग ओला पांढरा रुमाल साडीवर दाबून ठेवला. रुमालाला रंग लागला नाही, तेव्हाच कात्री हातात घेतली.

पट्टी कापली ती उरेब, म्हणजे तिरपी. सरळ कापली तर दुमडीवर एकच धागा लांबच्या लांब येतो, आणि तो तुटला की सगळी कड उघडी पडते. तिरप्या पट्टीत दुमडीवर अनेक धागे आडवे जातात. एक तुटला तर दुसरा असतो. रुंदी 4 इंच, मधोमध दुमडून 2. तीन बाजू मिळून 20 फूट, कोपरे आणि जोड धरून 22 फूट. जोडही तिरपेच, म्हणजे जाडी एका जागी साचत नाही.

जिथे कापड पार गेलं होतं तिथे काकीने आधी मऊ कापडाची भर सरकवली, नाहीतर पट्टी तिथे खपाटीला जाते. मग कच्चे टाके. मग खरे टाके, काठापासून पाऊण इंच आत.

‘टाका धड कापडात जाऊ दे,’ काकी म्हणाली. ‘झिजलेल्याला धरायचं नाही. त्याला नुसतं पोटात घ्यायचं.’

दोरा सुती, मेणावरून ओढलेला. नायलॉनचा दोरा तुटत नाही, हीच त्याची खोड. ओढ बसली की तो जुनं कापड कापत जातो. सुती दोरा आधी स्वतः तुटतो, आणि तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो.

पुढची बाजू झाल्यावर पट्टी मागे वळवून हेम घातली. एक फूट कड व्हायला मला पाऊण तास लागत होता. काकी तेवढ्यात दोन फूट पुढे जायची. अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटावर घालायची टोपी, मला सवयीचं नव्हतं, संध्याकाळी मधलं बोट सुजलं. कोपऱ्यावर काकीने माझ्या हातातून गोधडी घेतली. पट्टीची घडी नखाने दाबून तिरपी बसवली आणि आजीसारखेच दुप्पट टाके घातले.

चार दिवस लागले. यापुढे ही गोधडी टबात भिजेल, रिठ्याच्या पाण्यात. वर काढताना कडेला धरायची नाही, खाली चादर घालून चादरीसकट उचलायची. पेटीत ठेवताना घडी दर वेळी वेगळ्या जागी मोडायची.

(गोधडीची चौथी बाजू, पायाकडची.)

या बाजूला आम्ही सुई लावली नाही. इथली निळी पट्टी अजून धड आहे. एका ठिकाणी टाके जरा वाकडे गेलेत, मी ते सरळ करू का म्हणून विचारलं. काकीने चष्मा काढला, दोऱ्याचं रीळ डबीत ठेवलं, आणि म्हणाली, ‘ते राहू दे. ते तिचे आहेत.’